कॅलिफोर्निया १९९४: प्रस्ताव १८७ आणि मंदीत घेतलेला एक निर्णय

अमेरिकेच्या राजकारणावर चर्चा सुरू झाली की एक हिशेब हमखास मांडला जातो. गोऱ्यांचं प्रमाण घटतंय, लॅटिनो आणि आशियाई वाढताहेत, म्हणजे आज ना उद्या डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य येणार. पुरावा म्हणून कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवलं जातं. हा पुरावा नीट तपासायला हवा असं मला वाटतं. जवळून पाहिलं तर तिथे लोकसंख्येइतकाच मोठा वाटा बुडालेल्या कारखान्यांचा आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका अडचणीत सापडलेल्या गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, घेतलेला निर्णय आहे: बेकायदा स्थलांतरितांना शाळा-दवाखाने बंद करू पाहणाऱ्या 'प्रस्ताव १८७'च्या बाजूने उभं राहण्याचा.

पार्श्वभूमी

१९५२ ते १९८८ या काळात अध्यक्षपदासाठी कॅलिफोर्नियाने फक्त एकदा, १९६४ मध्ये, डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला. निक्सन आणि रेगन हे दोन्ही रिपब्लिकन अध्यक्ष इथूनच वर आले. या रिपब्लिकन वर्चस्वाचा पाया दक्षिण कॅलिफोर्नियात होता, आणि तो उभा होता संरक्षण खात्याच्या पैशावर. विमान आणि अंतराळ उद्योगातल्या मोठ्या कंपन्या इथे होत्या: बरबँकला लॉकहीड, लाँग बीचला मॅकडॉनल डग्लस, डाउनीला रॉकवेल, शिवाय ह्यूजेस आणि नॉर्थ्रॉप. इथला यंत्रकामगार किंवा अभियंता ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) नाहीतर सॅन फर्नांडो खोऱ्यात घर घ्यायचा, मुलांना सरकारी शाळेत घालायचा, आणि कर कमी ठेवा, सैन्य मजबूत ठेवा असं सांगणाऱ्या पक्षाला मत द्यायचा.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि शीतयुद्ध ओसरलं. पुढच्याच वर्षी लॉकहीडने बरबँकमधून विमानं बांधण्याचं काम हलवत असल्याचं जाहीर केलं. फोर्ट ऑर्ड, मेअर आयलंड, लाँग बीच असे लष्करी आणि नौदलाचे तळ एकामागून एक बंद व्हायच्या यादीत गेले. दशक संपेपर्यंत लॉस एंजेलिस काउंटीतल्या विमान आणि अंतराळ उद्योगातल्या जवळपास निम्म्या नोकऱ्या गेल्या. देशातली मंदी १९९१ मध्ये संपली तरी कॅलिफोर्नियाची संपेना. १९९३ च्या सुरुवातीला राज्यातली बेरोजगारी १० टक्क्यांच्या घरात होती. मधल्या काळात, १९९२ मध्ये, लॉस एंजेलिस दंगलीत जळलं. घरांच्या किमती खाली आल्या. चाळिशी-पन्नाशीतला माणूस नोकरी गमावून बसला होता आणि कर्ज फेडायचं म्हणून घर विकावं तर घेतलेल्या भावालाही गिऱ्हाईक नव्हतं.

याच वर्षांत राज्याचा चेहरा बदलत होता. १९९० च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी लोकसंख्येत लॅटिनो २६ टक्के होते, गोरे ५७ टक्के. १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभरातल्या सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला होता आणि त्यातले निम्म्याहून अधिक कॅलिफोर्नियात होते. शेतावर, हॉटेलात, कपड्यांच्या कारखान्यात, बांधकामावर तेच राबत होते. पण शाळेच्या वर्गात आणि दवाखान्याच्या रांगेत दिसणारी ही माणसं मतदान केंद्रावर दिसत नव्हती. कुणी नागरिक नव्हतं, कुणाची मुलं अजून लहान होती. १९९४ मध्ये प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांत लॅटिनो दहा टक्क्यांच्या आसपासच होते. रस्त्यावरची लोकसंख्या आणि मतदार यादी यांतलं हे अंतर या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे.

पेच

रिपब्लिकन पक्षाचे पीट विल्सन हे सॅन डिएगोचे माजी महापौर, नंतर सिनेटर, आणि १९९० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या डायन फाइनस्टाइन यांना हरवून झालेले गव्हर्नर. स्वभावाने ते कडवे नव्हते, मध्यममार्गी प्रशासक अशी त्यांची ओळख होती. १९८६ च्या कायद्याच्या वेळी बागायतदारांना परदेशी मजूर मिळत राहावेत म्हणून सिनेटमध्ये झटणाऱ्यांत तेही होते. गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच वर्षी सुमारे १४ अब्ज डॉलरची तूट पुढ्यात आली. त्यांनी खर्च कापला आणि सुमारे ७ अब्जांचे करही वाढवले. स्वतःचा पक्ष चिडला. १९९२ मध्ये तर अर्थसंकल्प इतका लांबला की राज्य सरकारने देणेकऱ्यांना पैशाऐवजी हमीपत्रं दिली. १९९३ मध्ये विल्सन जनमत चाचण्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॅथलीन ब्राउन यांच्या वीसहून अधिक टक्क्यांनी मागे होते. कॅथलीन या राज्याच्या खजिनदार. वडील पॅट आणि भाऊ जेरी दोघांनीही गव्हर्नरपद भूषवलेलं.

म्हणजे प्रश्न असा होता: मंदीचा राग ज्याच्यावर आहे, कर ज्याने वाढवले, त्या गव्हर्नरने पुन्हा निवडून कसं यायचं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वॉशिंग्टनकडे पैसे मागण्याचा. यात खरी तक्रार होती, आणि ती आजही आहे. कागदपत्रांशिवाय काम करणाऱ्या मजुराच्या पगारातून कापले जाणारे कर बऱ्याच अंशी केंद्राच्या तिजोरीत जातात. त्याच्या मुलांची शाळा, तातडीच्या उपचारांचा खर्च आणि तुरुंग हे मात्र राज्य आणि काउंटीच्या गळ्यात पडतात. मुलांना शाळा नाकारताही येत नव्हती. टेक्ससच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं होतं. विल्सन यांनी १९९४ मध्ये भरपाईसाठी केंद्र सरकारवर दावेही लावले. पण अशा दाव्यांवर निवडणूक तापत नाही.

दुसरा पर्याय मालकांवर कारवाईचा. १९८६ च्या कायद्याने बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंडाची तरतूद केली होती. ती राबवली जात नव्हती, कारण राज्याच्या मधल्या शेतीच्या पट्ट्यातले, म्हणजे सेंट्रल व्हॅलीतले बागायतदार आणि लॉस एंजेलिसचे कारखानदार हेच पक्षाचे देणगीदार. या पर्यायाला कुणी हात लावला नाही, आणि मला वाटतं प्रकरणाची सगळ्यात बोलकी जागा हीच आहे. मजूर हवा होता. त्याच्या मुलाच्या शाळेचा खर्च नको होता.

तिसरा पर्याय काम दाखवण्याचा, आणि तो योगायोगाने पुढ्यात आला. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. लॉस एंजेलिसमधला सांता मोनिका महामार्ग खचला. विल्सन यांनी नेहमीचे नियम बाजूला ठेवले आणि मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसामागे कंत्राटदाराला २ लाख डॉलर बक्षीस ठेवलं. रस्ता ६६ दिवसांत, ठरल्यापेक्षा ७४ दिवस आधी उघडला. त्याच मार्चमध्ये तिसऱ्या गुन्ह्याला दीर्घ तुरुंगवास देणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. दोन्ही गोष्टी लोकांना आवडल्या. ब्राउन यांची आघाडी घटू लागली.

चौथा पर्याय ऑरेंज काउंटीतून आला. १९९३ च्या अखेरीस तिथल्या काही कार्यकर्त्यांनी, स्थलांतर खात्यातल्या दोन माजी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन, 'सेव्ह अवर स्टेट' नावाचा सार्वमताचा मसुदा तयार केला. तोच प्रस्ताव १८७. बेकायदा स्थलांतरितांना सरकारी शाळा बंद, तातडीचे सोडून बाकी उपचार बंद, समाजकल्याणाच्या योजना बंद. शिवाय शिक्षक, डॉक्टर आणि पोलीस यांनी संशयितांची नावं कळवायची.

काय केलं

विल्सन यांनी तिसरा आणि चौथा असे दोन्ही पर्याय एकत्र वापरले, पण जोर चौथ्यावर गेला. तयारी आधीच झाली होती: ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी अध्यक्ष क्लिंटन यांना जाहीर पत्र लिहून, बेकायदा स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व देऊ नये अशी मागणी केली होती. १९९४ मध्ये प्रचाराची ती प्रसिद्ध टीव्ही जाहिरात आली. काळीपांढरी, धुरकट दृश्यं. सॅन इसिड्रोच्या सीमा नाक्यावरून भर रहदारीत पळत सुटलेली माणसं. आणि 'ते येतच राहतात' अशा अर्थाचा भारदस्त आवाज.

ती जाहिरात काय साधते ते बघा. नोकरी गेली ती शीतयुद्ध संपलं म्हणून, पेंटागॉनने मागणी कमी केली म्हणून. त्या कारणाला चेहरा नाही आणि त्याविरुद्ध मतही देता येत नाही. जाहिरातीने चेहरा दिला. बरबँकच्या बंद कारखान्यात विमानाचे भाग जोडणाऱ्याची जागा सीमेवरून आलेल्या द्राक्षं तोडणाऱ्या मजुराने घेतली नव्हती. तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर घडत होत्या, आणि एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींत कार्यकारणाचं नातं लावायला फार वेळ लागत नाही.

विरोधकांचीही कोंडी झाली. प्रस्तावाविरुद्धच्या अधिकृत मोहिमेच्या सल्लागारांचा सूर असा: बेकायदा स्थलांतर ही अडचण आहेच, पण हा उपाय महाग पडेल. लॅटिनो कार्यकर्त्यांना ही बचावाची भाषा मान्य नव्हती. १६ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ७० हजार लोकांचा मोर्चा निघाला. त्यात मेक्सिकोचे झेंडे होते आणि ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. सल्लागारांनी कपाळाला हात लावला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हजारो शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्या मतदानापुरतं बघितलं तर सल्लागारांची भीती कदाचित खरी होती. पण मोर्चात चाललेल्यांची पुढची वाटचाल पाहिली तर कार्यकर्त्यांचं बरोबर ठरलं.

धोक्याचा इशारा रिपब्लिकन पक्षातूनही आला होता. जॅक केम्प आणि विल्यम बेनेट या दोन बड्या नेत्यांनी ऑक्टोबरमध्ये प्रस्तावाला उघड विरोध केला. पक्ष स्थलांतरितांच्या विरोधात उभा राहिला तर पुढे महागात पडेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनाच टीका सोसावी लागली.

काय घडलं

८ नोव्हेंबर १९९४ ला प्रस्ताव १८७ सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. विल्सन ५५ विरुद्ध ४१ अशा फरकाने जिंकले. मतदानोत्तर चाचणीप्रमाणे गोऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला, लॅटिनोंपैकी ७७ टक्क्यांनी विरोध केला. कृष्णवर्णीय आणि आशियाई जवळपास निम्मे-निम्मे विभागले गेले, थोडं पारडं विरोधाकडे.

प्रस्ताव प्रत्यक्षात कधीच लागू झाला नाही. काही दिवसांत न्यायालयाने स्थगिती दिली, पुढे संघीय न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी त्यातला बहुतेक भाग घटनाबाह्य ठरवला, आणि १९९९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नवे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी अपिलाचा मार्ग सोडून दिला. २०१४ मध्ये उरलीसुरली कलमं कायद्याच्या पुस्तकातून काढणाऱ्या विधेयकावर सही केली ती पुन्हा गव्हर्नर झालेल्या जेरी ब्राउन यांनी. ते विधेयक मांडणारे केव्हिन डी लिऑन १९९४ च्या मोर्चाच्या आयोजकांपैकी एक.

राजकीय परिणाम मात्र लागू झाले. १९८६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची पाच वर्षं नेमकी याच सुमारास भरत आली होती. त्यात १९९६ च्या केंद्रीय कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांच्याही सवलती कापल्या. ग्रीन कार्ड आता पुरेसं नाही, हे लोकांना कळलं. १९९६ या एकाच वर्षात देशभरात दहा लाखांहून अधिक लोक नागरिक झाले.

पण नागरिक होणं आणि मत देणं यांत बरीच वाट असते. ती वाट कामगार संघटनांनी बांधली, आणि या भागाकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. लॉस एंजेलिसमध्ये जुन्या कारखान्यांच्या संघटना विरल्या होत्या. त्यांची जागा कार्यालयं झाडणाऱ्या आणि हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या स्थलांतरितांच्या संघटनांनी घेतली. १९९६ मध्ये मिगेल काँट्रेरास काउंटीच्या कामगार महासंघाचे प्रमुख झाले आणि त्यांनी दारोदार फिरून नव्या नागरिकांना मतदार केलं. १९८६ मध्ये ज्या कामगार चळवळीने मालकांना दंड करण्याच्या तरतुदीला पाठिंबा दिला होता, तिनेच २००० मध्ये राष्ट्रीय पातळीवर भूमिका बदलून कायदेशीर दर्जाची मागणी केली. अर्थव्यवस्था कारखान्याकडून सेवांकडे सरकली नसती तर ही संघटना उभीच राहिली नसती.

निकाल दिसू लागले. १९९६ मध्ये ऑरेंज काउंटीच्या मध्यातून रिपब्लिकन बॉब डॉर्नन यांना लोरेटा सांचेझ यांनी ९८४ मतांनी हरवलं. १९९८ मध्ये डेव्हिस गव्हर्नर झाले ते जवळपास २० टक्क्यांच्या फरकाने. अॅलेक्स पडिला यांची वाट यात पाहण्यासारखी आहे. वडील आचारी, आई घरकाम करणारी; १९९४ मध्ये एमआयटीतून अभियंता होऊन परतले आणि ह्यूजेसमध्ये कामाला लागले. विमान-अंतराळ उद्योगातली ती चांगली नोकरी सोडून ते राजकारणात आले. कारण त्यांनी स्वतःच सांगितलंय: प्रस्ताव १८७. २०२१ पासून ते कॅलिफोर्नियाचे सिनेटर आहेत. २००६ नंतर राज्यव्यापी पदाची एकही निवडणूक रिपब्लिकन उमेदवाराने जिंकलेली नाही.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तीत दोन गोष्टी राहून जातात.

पहिली: कॅलिफोर्निया १९९४ च्या आधीच सरकला होता. १९९२ मध्ये क्लिंटन इथे जिंकले आणि सिनेटच्या दोन्ही जागा फाइनस्टाइन आणि बार्बरा बॉक्सर यांनी घेतल्या. तेव्हा प्रस्ताव १८७ कुणी ऐकलाही नव्हता. ते मंदीचं मत होतं.

दुसरी: मतदार आत आले तसे बाहेरही गेले. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातून इतर राज्यांत गेलेले लोक तिकडून आलेल्यांपेक्षा सुमारे २० लाखांनी जास्त होते. नेवाडा, ॲरिझोना, आयडाहो, कोलोरॅडो. यांत बंद कारखान्यांतली रिपब्लिकन कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या जागी वाढली ती सॅन होजेच्या आसपासची संगणक अर्थव्यवस्था. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, भाच्या, मुलं फ्रीमाँट-सनीव्हेलला पोचली ती याच लाटेत, आणि पुढे नागरिक होऊन तिथल्या मतदार यादीत आली. फक्त लॅटिनो रागावले म्हणून रिपब्लिकन पक्ष हरला असं म्हणणं म्हणजे या दोन्ही प्रवाहांकडे डोळेझाक करणं.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

विल्सन यांना प्रस्तावाची गरज होती का? माझं मत: नव्हती. मे १९९४ पर्यंत रस्ता उघडला होता, गुन्हेगारीवर ते भक्कम होते, अर्थव्यवस्था वळत होती, आणि त्या नोव्हेंबरात देशभर रिपब्लिकन लाट आली, प्रतिनिधीगृह चाळीस वर्षांनी त्यांच्या ताब्यात आलं. महामार्गाची गोष्ट सांगूनही ते जिंकले असते असं मला वाटतं. पण १९९३ च्या ऑगस्टमध्ये, वीस टक्के मागे असताना, यातलं काहीच हाताशी नव्हतं. पत्र तेव्हा गेलं. एकदा तो रस्ता धरल्यावर वसंतात परिस्थिती सुधारली म्हणून परत फिरणं त्यांना सुचलं नाही. खरी चूक मला तिथे दिसते: परिस्थिती बदलल्यावर निर्णयाचा फेरविचार न करणं.

शेजारी उदाहरण होतंच. टेक्ससमध्ये त्याच वर्षी जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नरपदासाठी उभे होते आणि त्यांनी हा मार्ग घेतला नाही. पुढे २००४ मध्ये अध्यक्षपदासाठी त्यांना देशभरातल्या लॅटिनो मतांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. मात्र न्याय्य तुलना करायची तर हेही सांगायला हवं की टेक्ससची पडझड ऐंशीच्या दशकातच, तेलाचे भाव कोसळले तेव्हा, होऊन गेली होती. १९९४ मध्ये तिथे वाढ होती. भरल्या पोटी समजूतदारपणा सोपा जातो.

भरपाईचा पर्याय जास्त चिकाटीने लढवता आला असता. १९९४ च्याच केंद्रीय गुन्हे कायद्यात बेकायदा स्थलांतरित कैद्यांच्या खर्चापोटी राज्यांना पैसे देण्याची तरतूद झाली, म्हणजे त्या बाजूला दार किलकिलं होतं. शाळा आणि दवाखान्यांसाठी तसंच काही मागता आलं असतं, आणि मुलांना वर्गाबाहेर काढण्याची भाषा न करता मागता आलं असतं.

आता डेमोक्रॅटिक पक्षाकडे बघू, कारण त्यांनी या प्रकरणातून चुकीचा धडा घेतला असं मला तीव्रतेने वाटतं. १९९४ नंतर लॅटिनो त्यांच्याकडे आले ते अपमान आणि संघटन या दोन कारणांनी. पक्षाने ते वंशाचं गणित समजून खिशात घातलं. दरम्यान राज्यात मधल्या किमतीचं घर आठ लाख डॉलरच्या वर गेलं. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची प्रतिनिधीगृहातली एक जागा कमी झाली, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. आणि २०२४ मध्ये, महागाईनंतरच्या निवडणुकीत, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली इम्पीरियल काउंटी डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेली. तिथे पाचांपैकी चाराहून अधिक लोक लॅटिनो आहेत, कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर भाजीपाल्याची शेती आहे, आणि बेरोजगारी राज्यात सगळ्यात जास्त असणाऱ्या काउंट्यांमध्ये तिची नेहमी गणना होते. १९८८ नंतर तिने रिपब्लिकन उमेदवार निवडला नव्हता. फ्रेझ्नो, मर्सेड, स्टॅनिस्लॉस, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या काउंट्यांनीही ट्रम्प यांनाच कौल दिला. सेंट्रल व्हॅलीतल्या आणि लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या इनलँड एम्पायरमधल्या या काउंट्यांत किनाऱ्यावर घर न परवडणारी कामगार कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात.

इम्पीरियलमध्ये आज मत देणाऱ्या तिशीतल्या माणसाचा १९९४ मध्ये नुकताच जन्म झाला होता. मोर्चाची आठवण त्याच्या आईवडिलांची आहे. त्याच्यापुढे घरभाडं, पेट्रोलचा दर आणि हंगाम संपल्यावर मिळणारं काम आहे. त्या काउंटीत पक्षाचा कार्यकर्ता कोणत्या विषयावर दार ठोठावतो आणि हंगाम सोडून इतर वेळी ठोठावतो का, हे आता राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत बसलेल्यांना ठरवायचं आहे.